शिवेपलीकडची व्हिनी

१

गुरुवार हा माझा व्हिनीकडे जायचा दिवस. सकाळचे पाव भट्टीतून निघाले की त्यातला एक फडक्यात गुंडाळायचा आणि खालच्या गल्लीनं चालायला लागायचं. ॲशच्या जुन्या झाडाशी गल्ली वळते, वळणापुढे व्हिनीचं एकटं घर, आणि तिथंच गल्ली संपते. घरामागं कोंबड्या, मग लाकडी फाटक, मग चर. चराच्या पलीकडे नुसतं रान, गवताखाली उंचवटे असलेलं. कधीकाळी तिथं घरं होती म्हणतात. कुणाची, ते कुणाला ठाऊक नाही, आणि मला विचारायची हौस नाही.

व्हिनी म्हणजे लव्हिनिया, माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला व्हिनीनंच वाढवलं. शाळा चौथीतच सुटली तेव्हा पुढची अक्षरं तिनंच कान पिळून शिकवली. लग्न तिनं केलं नाही. ज्यानं मागणी घातली तो घोरतो असं तिच्या कानावर आलं होतं.

आमच्या नेदरकम गावात दर मे महिन्यात शीव फिरतात. पुढे पाद्री, मागे गाव, प्रत्येकाच्या हातात विलोच्या झाडाची सोललेली छडी. शिवेवरच्या एकेका दगडाला छड्यांनी बडवायचं. आणि गावात जो सगळ्यांत नवा, त्याला चौघांनी हातापायाला धरून दगडावर बूड आपटायचं, म्हणजे आपली हद्द कुठवर ते त्याला जन्मभर विसरता येत नाही. व्हिनीच्या मागच्या चराकाठी एक दगड आहे. तिथं ती फाटकात आल्याचं सरबत घेऊन उभी राहायची, दमलेलं गाव पेले रिकामे करायचं, आणि ती म्हणायची, "प्या, प्या, चालताना बोलत राहिलात म्हणून तहान लागली."

त्या वर्षी पाऊस फार झालेला. चर तुडुंब. वाट सांगणारा म्हातारा एनॉक टकवेल छाती भरून बिछान्यात, आणि पाद्री मिस्टर ऑडली गावात नवेच आलेले. मिसेस चबच्या पायात नवे बूट. ॲशपाशी सगळे थबकले. मिस्टर ऑडली म्हणाले, इथूनच वळू, फरक काय पडतो. म्हणून त्यांनी दगडाऐवजी ॲशच्या खोडाला बडवलं, खोडाच्या मुळावर पाद्रीसाहेबांचंच बूड आपटलं, हसले आणि परत फिरले.

मी तेव्हा गावच्या हॉलमध्ये बनपावांना लोणी लावत होते. सगळे आले तेव्हा विचारलं, व्हिनीचं सरबत कसं होतं. तेव्हा कळलं की गाव तिच्याकडे गेलंच नाही.

दुसऱ्या गुरुवारी ती म्हणाली, "मी उन्हं कलेपर्यंत फाटकात उभी होते." बस, एवढंच. रागावली नाही. व्हिनी रागावली नाही, हेच मला खटकायला हवं होतं.

२

आमच्या चर्चचं घड्याळ घसा बसलेल्या माणसासारखं वाजतं, पण वाजतं मोठ्यानं. व्हिनीच्या स्वयंपाकघरात तर खिडकीची काच थरथरायची.

त्या उन्हाळ्यात एका गुरुवारी आम्ही वाटाणे सोलत बसलो होतो. मी निघायचं म्हणून सवयीनं ठोक्यांची वाट बघत होते. ठोके आलेच नाहीत. शेंगा फुटल्याचा आवाज, कोंबड्यांची कुरकुर, बाकी काही नाही. अशी शांतता मला आवडत नाही, तीत आपलंच गिळणं ऐकू येतं.

व्हिनी म्हणाली, "तुमचं घड्याळ बंद पडलंय का गं? कितीतरी दिवसांत ऐकलं नाही."

मी म्हटलं, दुरुस्तीला काढलं असेल. पाव ठेवलेलं फडकं घडी करून घेतलं आणि निघाले. ॲशच्या वळणापर्यंत आले, आणि झाडाखालून एक पाऊल पुढं टाकलं तोच घंटा कानात आदळली. सुरुवातीपासून नव्हे. अर्ध्यातून. जणू कुणी कानांवरून हात काढले.

मी एक पाऊल मागं घेतलं. शांतता. पुढं आले. घंटा.

वारा, मी स्वतःला सांगितलं. वळण आहे, खोलगट जागा आहे, वारा फिरतो. त्या दिवशी एक पान हलत नव्हतं ते मला दिसत होतं. तरी मी वारा म्हटलं आणि घरी जाऊन बटाटे शिजायला टाकले.

३

माणसं विसरतात. त्याचं मला काही वाटत नाही. माझा नवरा जिवंत असताना माझा वाढदिवस दरवर्षी विसरायचा. पण विसरायचीही एक रीत असते. आधी माणूस थोडं विसरतो, मग जास्त. नेदरकमानं व्हिनीला एकदम विसरून टाकलं, आणि विसरल्याची खूणही ठेवली नाही.

चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या बाकावर तिची जागा होती. दोन्हीकडच्या बायका सरकल्या आणि ती जागा अशी बुजली की बघणाऱ्याला वाटावं, बाक पहिल्यापासून एवढंच.

टपालवाल्या परसी ब्रिमला मी गल्लीत अडवलं. "माझ्या बहिणीचं टपाल तू देत का नाहीस?"

"कुठं देऊ?"

"तिच्या घरी. ॲशच्या पुढं."

परसी सायकलवरून उतरला नाही, एक पाय टेकवून हसला. "ॲशच्या पुढं चर आहे, थर्झाबाई. चराला कुणी पत्र लिहीत नाही."

त्याच्या तोंडाकडे मी नीट बघितलं. परसीला खोटं बोलता येत नाही, बोलला की कान लाल होतात. कान लाल नव्हते.

सुगीचं जेवण आलं. हॉलमध्ये लांब टेबलं, थंड हॅम, लोणच्याचा कांदा, ॲपल पाय. मिसेस चब बशा मांडत होती.

"व्हिनीची बशी कुठाय?"

"कुणाची?"

"माझ्या बहिणीची. जिच्या शेजारी बसून तू जन्मभर बेसूर गातेस, तिची."

मिसेस चबचा हात बशीवर थांबला. क्षणभर ती खरंच आत कुठंतरी शोधत होती, मला ते दिसलं. मग चेहरा उजळला. "अगं, ती होय. ती कॅनडाला गेली ना, भाच्याकडं?"

"आम्हाला भाचा नाही."

"मग ऑस्ट्रेलिया असेल," असं म्हणून तिनं मला हॅम वाढलं.

मी ते हॅम खाल्लं. ताट फेकायला हवं होतं, पण भोवती सगळं गाव इतकं सुखात जेवत होतं, दिव्यांचा उजेड इतका मऊ होता, की मलाही वाटायला लागलं, आपणच काहीतरी धरून बसलोय. असेल कॅनडा. उठून बाहेर गेले तेव्हा गार हवेनं डोकं जागेवर आलं, आणि मला स्वतःची भीती वाटली.

४

पानगळीनंतर एका गुरुवारी मी तळ्याकाठी उभी होते, हातात फडक्यातला पाव. हा पाव मी कुणासाठी आणला, ते आठवेना. ऊन छान होतं. बदकं छान होती. पाव बदकांना घालावा असं मनात आलं, अगदी सहज.

मी हाताला कडकडून चावले. व्हिनी, मी मोठ्यानं म्हटलं. लव्हिनिया. तिथून पळत गेले.

तिनं दार उघडलं. तिच्या अंगाला धुराचा वास होता, कोळशाचा नव्हे, ओल्या लाकडाचा. रंग चढला होता गालांवर. तिनं मला बाहेरच्या खोलीत बसवलं. चहा आणला तो निळ्या फुलांच्या कपात. ते कप आईचे, पाहुण्यांसाठी राखलेले. मला तिनं जन्मात कधी त्या कपातून चहा दिला नव्हता.

"स्वयंपाकघरात बसू की," मी म्हटलं.

"नको, तिथं पसारा आहे."

मी ऐकते थोडीच. कप घेऊन आत गेले. पसारा कसला, भांडी धुऊन पालथी घातलेली. तिच्या एका कपाशेजारी मातीचे जाड पेले, काळपट, हातानं वळलेले.

"हे कुणाचे?"

"शेजाऱ्यांचे. माझं सरबत आवडतं त्यांना."

"कोण शेजारी?"

"अगं, ते," असं म्हणून तिनं खिडकीकडं मान हलवली, रोज भेटणाऱ्या माणसांकडं हलवावी तशी.

खिडकीबाहेर रान होतं. रात्रीचं दव गोठून सगळं पांढरं झालेलं. फक्त उंचवटे हिरवे होते. एकेका उंचवट्यावरचं हिम वितळलं होतं, खाली चूल पेटलेल्या छपरावर वितळतं तसं. मी कान दिला. कुणीतरी लांबवर खिळा ठोकत होतं. विहिरीत बादली आपटली. एक बाई बदकांना घरी बोलवत होती, शब्द कळत नव्हते, पण बोलावणं कळत होतं. रानात एक माणूस दिसत नव्हता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?" व्हिनी म्हणाली. ते आवाज तिला वेगळे ऐकू येत नव्हते. आपल्याच गल्लीतले आवाज कुणाला ऐकू येतात?

मी तिचं मनगट धरलं. "शाल घे. माझ्याकडे राहायला चल. आत्ता."

ती हसली, पण आली. तिला माझ्या धाकाची सवय होती. तिनंच तर मला धाक घालायला शिकवलं. गल्लीनं आम्ही हातात हात घालून चाललो, लहानपणी चर्चला जायचो तशा. ॲशपाशी ती थांबली.

"चल."

"कुठं? इकडं काय आहे?"

समोर चर्चचा मनोरा उन्हात उभा होता, त्याच्या खाली धूर सोडणारी गावाची धुरांडी, परसीची सायकल भिंतीला टेकलेली. मी बोट दाखवलं. "ते काय, चर्च."

व्हिनीनं डोळ्यांवर हात धरून खूप वेळ बघितलं. माझ्या समाधानासाठी मनापासून बघितलं तिनं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "रान आहे गं नुसतं. एवढ्या लांबून दर गुरुवारी कशी येतेस तू, एकटी?"

५

एनॉक टकवेल हिवाळ्यात बरा होऊन खुर्चीत बसायला लागला होता. मी त्याच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. वेडी म्हणाला असता तर चाललं असतं, कुणाला तरी सांगितल्याचं समाधान.

तो म्हणाला, "तिच्या घराच्या अलीकडूनच वळले? घर शिवेबाहेर ठेवून?"

"अलीकडूनच वळले."

"बडवलं?"

"बडवलं. पाद्र्याला आपटलंही."

म्हाताऱ्यानं काठीनं विस्तव ढोसला. "मी असतो तर पाण्यातून नेलं असतं एकेकाला. त्या चबबाईला खांद्यावर घेऊन."

"तुला ती आठवते का, एनॉक? व्हिनी?"

"सरबत आठवतं," तो म्हणाला. "हात आठवतो देणारा. वर तोंड होतं की नाही, सांगता येत नाही."

मला एकच गोष्ट कळली. गावानं जे चालून घालवलं ते गावानं चालून परत आणायचं. मे महिना यायला वेळ होता. तोवर मी रोज सकाळी तोंड धुताना तिचं नाव घ्यायची. गुरुवारची वाट न बघता जायला लागले. ती दर खेपेला दार उघडायला थोडा जास्त वेळ लावायची, आणि दर खेपेला जास्त अदबीनं बोलायची. शेवटी शेवटी तिनं मला "बसा" म्हटलं.

६

मे महिन्यात मिस्टर ऑडलींना मी चर्चच्या दारातच धरलं. "यंदा चराकाठच्या दगडापर्यंत जायचं. ॲशच्या पुढून, घराला वळसा घालून."

"पण मिसेस पोकॉक, गेल्या वर्षीची वाट..."

"गेल्या वर्षी तुम्ही नवे होतात. आता नाही. चूक केलीत, आता निस्तरा."

चर कोरडा होता, कुणाला बुटांचं निमित्त नव्हतं. त्या दिवशी सगळं गाव निघालं. कुंपणं पांढऱ्या फुलांनी लगडलेली, हवेत त्यांचा गोडसर, थोडा कुजका वास. एकेका दगडाला बडवत आम्ही दुपार व्हायच्या सुमारास खालच्या गल्लीत आलो. छडी घेऊन सगळ्यांत पुढं मी, पाद्री माझ्यामागं. मनात एकच. ॲश ओलांडायचा, घराला वळसा घालायचा, दगडाला बडवायचं, आणि संध्याकाळी व्हिनी हॉलमध्ये माझ्या शेजारी बसून बनला नावं ठेवेल.

ॲशपुढं धुकं होतं. फक्त ॲशपुढं. आमच्या बाजूला कडक ऊन, आणि खोडापलीकडं दुधासारखं पांढरं काहीतरी गल्लीत उभं होतं.

"दमट जागा आहे," मिस्टर ऑडली म्हणाले.

मी पाऊल उचललं. तेवढ्यात झाड वाजलं.

खोडाच्या पलीकडच्या बाजूनं कुणीतरी छडीनं मारलं होतं. मग दुसरी छडी. मग कितीतरी, एका तालात. आम्ही बडवतो तसंच. सालीचा भुगा माझ्या बुटांवर पडला. मागं मिसेस चब कुणाला तरी विचारत होती, आज सुतार काम करतोय का. सगळे झोपेत चालणाऱ्यांसारखे उभे होते, तोंडावर मऊ हसू.

"बडवा," मी म्हटलं. "आपणही बडवा."

आमच्या छड्या खोडावर पडल्या. पलीकडून उत्तर आलं, जास्त जोरात. झाडाची पानं उन्हात शहारली. मी खोडाच्या कडेनं मान पुढं काढली.

मला जे दिसलं ते एवढंच. सोललेल्या छड्यांची टोकं, पांढरी, ओली. जाडाभरडा लोकरीचा झगा. खांदे, अगदी गर्दीनं, एकमेकांना खेटून, आणि खांद्यांच्या वर धुकं. खाली, मुळाशी, चार हातांनी कुणालातरी धरून उचललं होतं. उचललेली बाई हसत होती, लहान मुलीसारखी, श्वास न घेता. तिला मुळावर आपटलं, आणि त्या सगळ्यांनी एकदम आनंदाचा आवाज काढला. ती उठून उभी राहिली, झगा झटकला, हातात छडी घेतली.

व्हिनीचं तोंड मला स्पष्ट दिसलं. तेवढंच एक तोंड दिसलं.

"व्हिनी," मी म्हटलं. "चल घरी. सगळे आलेत तुला न्यायला."

ती माझ्याकडं बघत राहिली. शेतात शिरलेल्या हट्टी जनावराकडं बघावं तसं. "बाई, इथवर आमची शीव आहे," ती म्हणाली. आवाज तोच, कान पिळतानाचा. "तुम्ही तुमच्या बाजूनं जा."

मी हात पुढं केला. तिला ओढायला. खोडाच्या कडेनं एक हात आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. तिचा नव्हे. हात ऊबदार होता, कामाचा, घट्टे पडलेला. दांडगाई नव्हती त्यात. आम्ही नव्या माणसाला आपटायला धरतो तेव्हा जसं हसत, प्रेमानं धरतो, तसंच धरलं होतं. मग दुसऱ्या बाजूनं दुसरा हात आला, माझ्या दंडाला. माझे पाय जमिनीवरून हलके झाले. आणि खरं सांगते, वाईट वाटलं नाही. लाकडाच्या धुराचा वास आला, बदकांना बोलावणारी ती बाई ऐकू आली, आणि या वेळी शब्दसुद्धा कळायला लागले होते.

सट्कन छडी बसली, माझ्यावर नाही, त्या हातांवर.

"सोडा तिला," व्हिनी म्हणाली. "ती तिकडची आहे."

हात सुटले. मी आपल्या बाजूला मागं पडले, मिस्टर ऑडलींच्या अंगावर. पलीकडच्या छड्या थांबल्या. ते वाट बघत होते, आमचं काय ठरतं त्याची.

तिनं मला ओळखलं म्हणून म्हणाली, की ओळखलं नाही म्हणून, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

माझ्यामागं सगळं गाव उभं होतं. परसी, मिसेस चब, पाद्री, काठीला टेकलेला एनॉक. मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तर सगळे हसत माझ्यामागं आले असते, आणि पलीकडं धरायला हात पुष्कळ होते.

मी छडी उचलली. ॲशच्या खोडावर मारली, आमच्या बाजूनं, एकदाच, पण अशी की छडी मोडली.

"इथून वळायचं," मी म्हटलं.

गाव वळलं. थोडं पुढं गेल्यावर मिस्टर ऑडली माझ्या शेजारी आले. त्यांचा चेहरा उन्हात पांढरा दिसत होता, त्यांनी काहीतरी ऐकलं होतं, निदान अर्धं.

"मिसेस पोकॉक, तिकडं कोण होतं?"

मनगटावर बोटांचे ठसे उमटले होते. मी बाही खाली ओढली.

"शेजारचं गाव," मी म्हटलं. "त्यांचीही शीव आजच असते."